वाऱ्याचा विद्यार्थी : विल्बर राइट

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पतंग नक्कीच उडवला असेल. वारा पडलेला असला, की पतंग वर चढत नाही. मग तुम्ही काय करता? दोरा धरून पळत सुटता. तुम्ही पळालात, की पतंगाला समोरून वारा लागतो आणि तो वर जातो. चांगला वारा असेल, तर पळावेही लागत नाही. जागच्या जागी उभे राहून एक हलका झटका दिला, की पुरे.

आता दुसरी एक गोष्ट आठवा. पतंग उंच गेलेला आहे आणि वारा अचानक पडला. पतंग डुलत डुलत खाली येऊ लागतो; पण भराभर दोरा ओढून तुम्ही त्याला सावरता. मात्र पतंग नुकताच हातातून सुटून डोक्याइतका वर गेला असेल आणि त्याच क्षणी वाऱ्याने दगा दिला, तर? सावरायला वेळच मिळत नाही. पतंग जमिनीवर आपटतो.

छोट्या विमानाचेही असेच असते. जमीन सोडण्याचा क्षण त्याच्यासाठी फार नाजूक असतो. समोरून येणारा स्थिर वारा त्याला मदत करतो. पण कमी-जास्त होणारा, झोतांनी येणारा वारा त्याचा घात करू शकतो. ही गोष्ट आज प्रत्येक वैमानिकाला शिकवली जाते. पण ज्या काळात शिकवणारा कोणी नव्हता, त्या काळात एका माणसाने ती स्वतः पडून, धडपडून शिकून घेतली. त्याचे नाव विल्बर राइट. राइट बंधूंपैकी हा मोठा भाऊ. आज आपण त्याची ओळख करून घेऊ या.

विल्बरचा जन्म 16 एप्रिल 1867 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. त्याचा धाकटा भाऊ ऑर्विल हा त्याच्याहून चार वर्षांनी लहान. वडील धर्मोपदेशक होते. त्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे भरलेली असत. आई सुसान हिच्या हातात कला होती. घरातल्या लहानसहान वस्तू ती स्वतः दुरुस्त करी आणि मुलांना खेळणीही बनवून देई. मुलांचे हात हत्यारांवर बसले, ते आईमुळेच.

1878 साली एके दिवशी वडिलांनी प्रवासातून येताना एक खेळणे आणले. बांबू, बूच आणि कागद यांचे ते बनवलेले होते. रबराला पीळ देऊन सोडले, की ते भिरभिरत छताकडे जाई. मुलांनी त्याचे नाव ठेवले वटवाघूळ. खेळणे मोडले, तेव्हा त्यांनी तसेच दुसरे बनवले. मग त्याहून मोठे, आणखी मोठे. पण नवल असे, की खेळणे जितके मोठे होई, तितके ते उडायला कुरकुर करी. असे का व्हावे, हे कोडे त्या वयात त्यांना सुटले नाही.

विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याने येल या नामवंत विद्यापीठात जावे, असे घरात चालले होते. पण 1885-86 च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकीसारखा खेळ खेळताना एका मुलाची काठी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात पडले. त्यानंतर त्याची प्रकृती बरीच ढासळली. मनही खचले. विद्यापीठाचा विचार मागे पडला. त्याच सुमारास आईला क्षयाने गाठले होते. विल्बर घरी राहून तिची सेवा करू लागला. 1889 साली आई वारली, तोपर्यंत त्याने दुसरे काही केले नाही. फक्त उरलेल्या वेळात तो वडिलांची पुस्तके वाचत राहिला. त्याच्याकडे कोणतीही पदवी नव्हती. शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रदेखील त्याला मिळाले नव्हते. पण वाचलेल्या गोष्टीवर स्वतः विचार करण्याची सवय त्याला या वर्षांत लागली. ती पुढे कामी आली.

दोघा भावांनी ओहायो राज्यातील डेटन या गावी आधी छापखाना काढला. पुढे 1892 साली सायकलींचे दुकान उघडले. सायकली दुरुस्त करता करता ते स्वतःच्या सायकली बनवून विकूही लागले. धंदा बरा चालला होता.

अशातच 1896 साली जर्मनीहून एक बातमी आली. ऑटो लिलिएंथाल नावाचा एक अभियंता पंख बांधून टेकडीवरून हवेत तरंगत जाई. अशी सुमारे दोन हजार उड्डाणे त्याने केली होती. 9 ऑगस्ट 1896 रोजी तो असाच हवेत असताना त्याच्या यंत्राचा तोल गेला. यंत्राचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि तो सुमारे 50 फुटांवरून खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

ही बातमी वाचून विल्बर विचारात पडला. लिलिएंथाल आपले शरीर इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळत असे. वारा शांत असेल तोवर हे ठीक होते. पण झोत अचानक आला, तर माणसाचे वजन किती आणि वाऱ्याचा जोर किती! विल्बरच्या मनात आले, पंख बनवता येतील, इंजिनही बनवता येईल. पण खरा प्रश्न तोल सांभाळण्याचा आहे. तो सोडवल्याशिवाय हवेत जाण्यात अर्थ नाही. त्या काळी उडण्याचा प्रयत्न करणारे पुष्कळ लोक मोठे इंजिन बनवण्याच्या मागे होते. विल्बरने वेगळ्या टोकापासून सुरुवात केली.

तुम्ही सायकल शिकलात, तो दिवस आठवा. उभी सायकल सोडून दिली, तर ती पडते. तरीही आपण तिच्यावर बसतो आणि क्षणोक्षणी हँडल हलवून, अंग झुकवून तोल राखतो. विल्बर सायकलवाला होता. विमानही असेच असावे, असे त्याला वाटले. ते आपोआप सरळ राहील अशी आशा न करता, चालवणाऱ्याने ते सतत सांभाळले पाहिजे.

पण सांभाळायचे कशाने? विल्बर तासन् तास पक्ष्यांकडे बघत बसे. वाऱ्याने पक्षी एका बाजूला कलला, की तो पंखांची टोके किंचित पिळतो आणि पुन्हा सरळ होतो, हे त्याच्या ध्यानात आले. यंत्राचे पंख कसे पिळायचे? उत्तर दुकानातच मिळाले. 1899 च्या जुलै महिन्यात एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याच्या हातात सायकलच्या ट्यूबचा लांबट रिकामा खोका होता. बोलताना सहज त्याने तो दोन्ही टोकांना उलटसुलट पिळला. खोका मोडला नाही. नुसता पिळला गेला. विल्बरला वाट सापडली. त्याने लगेच पाच फूट रुंदीचा, दोन मजली पंखांचा पतंग बनवला आणि दोऱ्या ओढून त्याचे पंख पिळून पाहिले. पतंग हुकमाप्रमाणे डावी-उजवीकडे झुकू लागला. विमानाची कहाणी खऱ्या अर्थाने या पतंगापासून सुरू होते.

आता माणूस नेऊ शकेल असा मोठा पतंग हवा होता आणि त्यासाठी चांगला वारा हवा होता. विल्बरने सरकारी हवामान खात्याकडे चौकशी केली. वाऱ्याच्या नोंदी पाहिल्या आणि उत्तर कॅरोलायना राज्यातील किटी हॉक हे समुद्रकाठचे गाव निवडले. तेथे वारा भरपूर होता, झाडे थोडी होती आणि पडले तर खाली मऊ वाळू होती.

1900 च्या सप्टेंबरमध्ये विल्बर एका मोडक्या होडीतून, वादळाला तोंड देत तेथे पोहोचला. ज्या कुटुंबाने त्याला आसरा दिला, त्या घरच्या बाईंचे शिवणयंत्र मागून घेऊन त्याने पंखांचे कापड स्वतः शिवले. थोड्या दिवसांनी ऑर्विलही आला. पण वाऱ्याने पहिला धडा फार लवकर दिला. ऑक्टोबरमधील एका दिवशी यंत्र वाळूवर नुसते ठेवलेले होते. भाऊ काही दुरुस्ती करत होते. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. त्याने यंत्र उचलले आणि दूर फेकून दिले. लाकडे मोडली, तारा तुटल्या. दुरुस्तीला तीन दिवस लागले. हलके यंत्र जमिनीवर असतानाही सुरक्षित नसते, हे त्या दिवशी दोघांना कळले. मोसम संपल्यावर ते यंत्र त्यांनी तेथेच सोडले. त्याच्या कापडातून त्या बाईंनी आपल्या मुलींसाठी झगे शिवले.

1901 साली ते अधिक मोठे यंत्र घेऊन गेले. पण ते अपेक्षेप्रमाणे उचललेच जाईना. घरी परतताना विल्बर इतका निराश झाला होता, की आपल्या हयातीत माणूस काही उडत नाही, असे तो भावाला बोलून गेला. पण निराशा फार दिवस टिकली नाही. मोठमोठ्या लोकांनी केलेली गणितेच चुकीची असतील तर, अशी शंका त्यांना आली. मग त्यांनी दुकानाच्या माडीवर सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली. तिच्या एका तोंडाला पंखा लावून तिच्यातून वारा सोडला आणि सुमारे दोनशे प्रकारचे छोटे पंख त्यात ठेवून पाहिले. कोणता पंख किती उचलला जातो, याचे मोजमाप लिहून काढले. दुसऱ्यांच्या आकड्यांवर विसंबण्याऐवजी त्यांनी आपले आकडे मिळवले.

त्या आकड्यांवरून 1902 चे यंत्र बनले. त्याला इंजिन नव्हते. ते घेऊन दोघे भाऊ टेकडीवरून शेकडो वेळा हवेत तरंगले. कधी यंत्र एका अंगावर घसरत जाई आणि पंखाचे टोक वाळूत रुते. ऑर्विलने शेपटीचे सुकाणू हलते करण्याची युक्ती सुचवली. विल्बरने ते सुकाणू पंख पिळण्याच्या दोऱ्यांना जोडले. आता वाऱ्याने कलंडलेले यंत्र सरळ करता येऊ लागले. विचार करा, इंजिन लावण्याआधी त्यांनी शेकडो वेळा तोल सांभाळण्याचा सराव केला होता!

1903 साली इंजिन आले. दुकानातील कारागिराने ते सुमारे सहा आठवड्यांत बनवले. ते 12 अश्वशक्तीचे होते. विमानाच्या पंखांची लांबी 40 फूट आणि वजन सुमारे 275 किलो होते. त्याला चाके नव्हती. लाकडी रुळावरून घसरत जाऊन त्याने जमीन सोडायची होती.

14 डिसेंबर 1903. वारा मंद होता. म्हणून टेकडीच्या उतारावर रूळ मांडला. आधी कोणी उडायचे? भावांनी नाणे उडवले. विल्बर जिंकला. विमान उतारावरून वेगाने निघाले आणि रुळावरून सुटले. त्या क्षणी विल्बरने विमानाचे नाक जरा जास्तच वर उचलले. विमान सुमारे 15 फूट वर गेले, वेग हरवून बसले आणि डाव्या पंखावर खाली आले. सारा खेळ साडेतीन सेकंदांचा!

मित्रांनो, येथे नेमके काय झाले, ते समजून घ्या. पंखाला उचलते ती त्याच्यावरून वाहणारी हवा. ती पुरेशा वेगाने वाहायला हवी. नाक फार वर केले, की विमानाचा वेग कमी होतो आणि पंख आपले काम सोडून देतो. विमान उंच असेल, तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमिनीजवळ तशी सवड नसते. लिलिएंथाल 50 फुटांवरून असाच पडला होता. विल्बरचे दैव चांगले, की तो 15 फुटांवर होता आणि खाली वाळू होती.

या अपघातानंतर विल्बरने यंत्राला बोल लावला नाही, की वाऱ्यालाही लावला नाही. चूक आपल्या अंदाजाची होती, हे त्याने घरच्यांना पत्राने स्पष्ट कळवले. दुरुस्तीला दोन दिवस गेले.

17 डिसेंबरचा दिवस उजाडला. कडाक्याची थंडी होती. डबक्यांतल्या पाण्यावर बर्फ जमला होता. वारा तर ताशी 40 किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. भाऊ दहा वाजेपर्यंत झोपडीत थांबले. वारा कमी होण्याची चिन्हे दिसेनात. शेवटी त्यांनी सपाट जमिनीवर, वाऱ्याच्या तोंडाला रूळ मांडला. जवळच्या जीवरक्षक केंद्रातले लोक मदतीला आले. पाच साक्षीदार जमले.

आता पाळी ऑर्विलची होती. 10 वाजून 35 मिनिटांनी विमान निघाले. समोरच्या वाऱ्यामुळे ते इतके हळू सरकत होते, की विल्बर पंखाचे टोक धरून त्याच्या बरोबरीने पळत होता. आपल्या पतंगाचा हिशेब येथे लावून पाहा. विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी सुमारे 11 किलोमीटर आणि समोरच्या वाऱ्याचा वेग सुमारे 43. म्हणजे पंखांना ताशी 54 किलोमीटर वेगाची हवा मिळत होती! जो वारा मदत करत होता, तोच झोतांनी विमानाला खालीवर फेकतही होता. तरीही विमान 12 सेकंद हवेत राहिले आणि 120 फूट गेले. आळीपाळीने आणखी तीन उड्डाणे झाली. दुपारी बाराच्या सुमारास विल्बरने शेवटचे उड्डाण केले. 59 सेकंद आणि 852 फूट! माणूस उडाला होता.

पण वाऱ्याने आपली फी वसूल केलीच. विमान जमिनीवर ठेवून सर्व जण बोलत उभे होते. एक जोराचा झोत आला आणि विमान उलटू लागले. मदतीला आलेल्या जॉन डॅनियल्सने ते धरून ठेवण्याचा प्रयत्न केला. तो तारा-लाकडांत अडकला आणि विमानाबरोबर कोलांट्या खात गेला. त्याला खरचटले, मुका मार लागला. पण तो वाचला. विमान मात्र मोडले. ते पुन्हा कधीच उडाले नाही.

पुढल्या वर्षी भाऊ डेटनजवळच्या एका गायरानात सराव करू लागले. तेथे उलटी अडचण होती. वारा मंद होता आणि तो घडीघडी दिशा बदलत असे. रूळ एका दिशेला मांडावा, तर वारा दुसरीकडून येई. 1904 च्या ऑगस्टमध्ये ऑर्विल जमीन सोडतो न सोडतो, तोच वाऱ्याच्या झोताने विमान खाली आपटले. त्याला चांगलाच मार बसला. आता यावर उपाय हवा होता. भावांनी सुमारे 20 फूट उंचीचा एक मनोरा उभारला. त्याच्या माथ्यावरून जड वजन खाली सोडले, की दोराच्या ओढीने विमान रुळावरून जोरात पुढे खेचले जाई. आता जमीन सोडण्यापूर्वीच विमानाला पुरेसा वेग मिळू लागला. वाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणे संपले. त्याच सप्टेंबरमध्ये विल्बरने हवेत पूर्ण गोल फेरी मारली. 5 ऑक्टोबर 1905 रोजी तर तो 39 मिनिटे हवेत राहिला.

तरीही जगाचा विश्वास बसेना. युरोपातील कित्येक लोक राइट बंधूंना थापाडे म्हणत. 8 ऑगस्ट 1908 रोजी विल्बरने फ्रान्समधील ल मान्स गावाजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उड्डाण केले. ते दोन मिनिटांचेही नव्हते. पण विमान किती सहज वळते, हे पाहून लोक थक्क झाले. ज्यांनी टीका केली होती, त्यांनीच माफी मागितली.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क शहरात मोठा उत्सव होता. विल्बरच्या उड्डाणाची सारे शहर वाट पाहत होते. काही दिवस जोराचा वारा होता. विल्बर उडाला नाही. लोक अधीर झाले. तरी तो थांबून राहिला. वारा अनुकूल होताच, 4 ऑक्टोबर 1909 रोजी, त्याने हडसन नदीवरून दूरवर जाऊन परत येण्याचे उड्डाण केले. पाण्यात पडलो तर बुडू नये, म्हणून विमानाच्या पोटाशी त्याने एक होडी बांधली होती. जगातला सर्वांत कुशल वैमानिक आपल्या पडण्याचीही तयारी ठेवून उडत होता, हे ध्यानात घ्या.

पुढील वर्षे कोर्टकचेऱ्यांत गेली. आपल्या शोधाच्या हक्कांसाठी भांडताना विल्बर थकून गेला. 1912 साली त्याला विषमज्वर झाला आणि 30 मे रोजी तो मरण पावला. वाऱ्याशी इतकी वर्षे झुंजलेला हा माणूस शेवटी आपल्या घरात, बिछान्यावर, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. ऑर्विल 1948 पर्यंत जगला.

1903 चे ते विमान दुरुस्त करून आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवले आहे. त्याच्या कापडाचा आणि लाकडाचा एक-एक तुकडा 1969 साली चंद्रावर जाऊन आला.

मित्रांनो, आजही छोट्या विमानांच्या धावपट्टीजवळ एका खांबावर कापडी नळी फडफडत असते. वारा कोणीकडून येतो आणि साधारण किती जोराचा आहे, हे ती दाखवते. वैमानिक उडण्याआधी तिच्याकडे पाहतो. नळी मध्येच ताठ होत असेल आणि मध्येच लोंबत असेल, तर वारा झोतांचा आहे, हे तो ओळखतो. मग तो जमीन सोडण्याची घाई करत नाही. थोडा जास्त वेग घेतो, म्हणजे वारा अचानक पडला तरी पंख उपाशी राहत नाहीत. वारा फारच वेडावाकडा असेल, तर तो त्या दिवशी उडतच नाही. थांबण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

विल्बर कोणत्याही महाविद्यालयात गेला नाही. पण वाऱ्याच्या शाळेत तो शेवटपर्यंत विद्यार्थी राहिला. तेथे तो नापास झाला, तेव्हा त्याने आपली चूक शोधली, ती कबूल केली आणि पुन्हा रूळ मांडला. पुढच्या वेळी पतंग हातातून सुटताच खाली आपटला, तर वाऱ्यावर रागावू नका. वारा कोठून आला, किती जोराचा होता आणि दोरा कधी ओढायला हवा होता, याचा विचार करा. विल्बरनेही हेच केले होते.